डोक्यावरून ड्रोन नको!

१४ एप्रिलची मिरवणूक असो, दीक्षाभूमीवरील सोहळा असो की १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, आता आकाशात ड्रोन फिरताना दिसतोच. त्याला आमचा विरोध नाही. आमच्या लाखोंच्या जनसागराला आतल्या पानावर चार ओळी देणाऱ्यांना वरून घेतलेले एक चित्र पुरेसे उत्तर देते. पण हा कॅमेरा ज्या जनतेवरून उडतो, तिच्या सुरक्षिततेचे काय?

एका तालुक्याच्या गावी आम्ही स्वतः पाहिले. ड्रोन पताकांच्या दोरीत अडकला आणि लेझीम खेळणाऱ्या मुलींपासून दोन हातांवर कोसळला. कुणाला लागले नाही, म्हणून विषय तिथेच मिटला. तो मिटायला नको होता. डिसेंबर २०१५ मध्ये इटलीतील स्कीइंगच्या विश्वचषक शर्यतीत मार्सेल हिर्शर या खेळाडूच्या अगदी मागे चित्रीकरणाचा ड्रोन आदळला होता. जिथे साधनांची कमतरता नाही तिथे हे घडते, तर आपल्या दाटीच्या गल्ल्यांत काय होईल? शिवाय गर्दीत वस्तू पडली की धावपळ होते आणि धावपळीत माणसे तुडवली जातात.

कायदा स्पष्ट आहे. 'ड्रोन नियम, २०२१' प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने व्यावसायिक चित्रीकरण करणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र हवे. ड्रोनची नोंदणी व त्रयस्थ व्यक्तीचा विमा हवा. ग्रीन झोनमध्येही ४०० फुटांपर्यंतच मुभा आहे. विमानतळाच्या परिसरात निर्बंध अधिक कडक आहेत, आणि दीक्षाभूमीपासून बाबासाहेबांच्याच नावाचा विमानतळ जवळ आहे, हे विसरू नये. पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुणाचा जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू शकते. इतरांच्या मिरवणुकीत परवाना कुणी विचारो न विचारो, आपल्या मिरवणुकीत तो विचारला जातोच, हा आमचा वकिलीतला अनुभव आहे. कार्यक्रम बंद पाडण्याचे निमित्त आपणच का पुरवावे?

म्हणून जयंती उत्सव समित्यांना आमची विनंती आहे. फोटोग्राफरला विसार देण्यापूर्वी त्याचे प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा पाहा. शासनाच्या संकेतस्थळावरील हवाई नकाशा तपासा, पोलीस ठाण्याला लेखी कळवा. ड्रोन गर्दीच्या डोक्यावरून नव्हे, बाजूने उडवा. उड्डाण व उतरण्याची जागा दोरी बांधून मोकळी ठेवा, तिथे स्वयंसेवक उभा करा. चालवणाऱ्याच्या शेजारी ड्रोनवर नजर ठेवणारा दुसरा माणूस हवाच. पंख्यांना चीर गेली आहे का, बॅटरी फुगली आहे का, हे आधी पाहा. परतीची उंची विजेच्या तारा, झाडे व इमारतींपेक्षा जास्त ठेवा. बॅटरी तीस टक्क्यांवर येताच ड्रोन खाली घ्या. वारा सुटला तर उडवूच नका.

एवढे अटींच्या कागदावर लिहून घ्यायला दहा मिनिटे लागतात. समितीच्या पहिल्याच बैठकीत ती काढावीत.