चावी कोणाच्या हाती?

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार रंगते आणि सारा गाव उघड्या आभाळाखाली एकत्र बसतो. त्याच गावाला पावसाळ्यात ग्रामसभा घ्यायची झाली, तर शाळेची खोली किंवा देवळाचा मंडप शोधावा लागतो. देवळाच्या मंडपात साऱ्यांनाच सारख्या मोकळेपणाने बसता येते, असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. गावाला स्वतःचे सभागृह हवे, ही मागणी म्हणूनच न्याय्य आहे.

प्रश्न आहे तो ते कसे उभे राहते याचा. १९९३ साली खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला; २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये झाला. समाजमंदिर म्हणजे पुढाऱ्याकडे न्यायचे निवेदन, कंत्राटदाराचे बिल आणि दर्शनी भिंतीवरचा नामफलक, असे समीकरण त्यातून रूढ झाले. पैसा जनतेचा, नाव पुढाऱ्याचे! वास्तू मात्र कोणालाच आपली वाटत नाही.

पूर्व विदर्भाने हा धडा पूर्वीच गिरवला आहे. कोहळी समाजातील जाणत्यांनी बांधलेले या भागातील तलाव गावाच्या श्रमावर टिकून होते. पाळीची डागडुजी ही गावाची रीत होती. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तलावाचा मालक बदलताना गावाला कोणी विचारले नाही. गावाने हात आखडला, सरकारी खात्यांनी लक्ष दिले नाही आणि साडेसहा हजारांहून अधिक तलावांपैकी कितीतरी गाळाने भरले.

याउलट, वैनगंगा भंडाऱ्यातून पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्यात जाते, तेथील मेंढा-लेखा या गोंड गावाने १९८० नंतरच्या दशकात आपले गोटूल जुन्या पद्धतीने, लाकडाचे उभारले. वन खात्याने ते मोडले. गावाने ते पुन्हा उभारले आणि आसपासची गावे पाठीशी उभी राहिली. याच गावाने पुढे २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला.

लोकवर्गणीची हाक देणाऱ्या कार्यकर्त्यांनी मात्र एक भान ठेवले पाहिजे. राईस मिलचा मालक धानाची पोती देतो ती शिलकीतून. हजारी दराने बिड्या वळणारी बाई एक दिवस विटा वाहायला आली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. श्रमदान केवळ भूमिहीनांच्या वाट्याला येत असेल, तर ती वेठच होय, मग तिला नाव कितीही गोंडस द्या. म्हणून अंगमेहनतीचा प्रत्येक दिवस चालू मजुरीच्या दराने वर्गणीवहीत नावानिशी नोंदवावा, हातावर पोट असलेल्यांना सूट असावी आणि सारा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. एखाद्या वस्तीने वेगळे छप्पर मागितलेच, तर तिला दोष देण्यापूर्वी गावाच्या छपराखाली तिला जागा का मिळाली नाही, हे गावाला विचारावे.

सरकारी निधी नाकारण्याचे कारण नाही. तो जनतेचाच आहे. मात्र पायाचा दगड बसण्यापूर्वी दोन ठराव ग्रामसभेच्या वहीत उतरले पाहिजेत: चावी कोणाकडे राहील, आणि ती मागणाऱ्या कोणालाही जातीपातीवरून परत पाठवता येणार नाही.