गोष्टीचा धडा होतो तेव्हा

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. तोवर ते पाचवीत भेटत असे. शिकणाऱ्याचे वय खाली आले, शिकवण्याची रीत मात्र आम्ही पाहिलेल्या बहुतेक वर्गांत पाचवीचीच राहिली: शब्द, अर्थ, स्पेलिंग, प्रश्नोत्तरे. आता गोष्टीची पुस्तकेही वर्गात येतात, याचा आम्हांला आनंदच आहे. तक्रार एवढीच की तीही धडा होऊन येतात.

एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) घ्या. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असे करीत शुक्रवारी पाच संत्री. तरी तिची भूक शमत नाही. वार, अंक, अनेकवचन, भूतकाळ हे सारे पुन्हापुन्हा कानांवर पडते आणि चौथ्या पानापर्यंत मूल बाईंच्या आधीच वाक्य पुरे करू लागते. निराळे व्याकरण शिकवायला उरतेच काय? 'प्लम' कधी पाहिले नसले तरी चित्र समोर असते. अडते ते दुसरीकडेच. ज्याच्या घरी कापूस आहे त्या मुलाला अळी म्हणजे बोंडअळी, फवारून मारायची. (तिचा पतंग होतो, फुलपाखरू नव्हे, हेही कदाचित तोच सांगेल.) अशा जिवाची भूक आपली मानायची, हे त्याला सर्वस्वी नवे असते. तो काही बोलू पाहतो, अर्थात मराठीत. आणि नेमके तेव्हाच त्याला इंग्रजीत बोलण्याची ताकीद मिळते. आमच्या मते त्या दिवशीचा इंग्रजीचा तास तिथेच संपला. त्याने मराठीत सांगावे, बाईंनी त्यातले एखादे वाक्य सोप्या इंग्रजीत करून फळ्यावर लिहावे. ते वाक्य त्याचे असेल.

मुलांचा शब्दसंग्रह तोकडा आहे, ही सबब आम्हांला पटत नाही. डॉ. स्यूस यांनी 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (१९६०) अवघ्या पन्नास निरनिराळ्या शब्दांत लिहिले, आणि ते नीरस नाही. शिक्षकांचा संकोच मात्र खरा आहे. स्वतः ज्यांनी इंग्रजी डोळ्यांनीच शिकले, त्यांना ते मोठ्याने, लयीत वाचायचे म्हणजे धास्तीच वाटते. त्यावर घरी चार वेळा वाचून येण्यापलीकडे उपाय आम्हांला ठाऊक नाही. पुस्तकांच्या किमतीचा अडसर काहीसा दूर झाला आहे: 'प्रथम बुक्स'च्या २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर'वर कितीतरी गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत विनामूल्य मिळतात. मराठी आधी वाचावी की इंग्रजी, हे वर्ग पाहून ठरवावे.

आणि गोष्ट संपल्यावर 'कॅटरपिलर'चे स्पेलिंग, निदान पहिलीत तरी, विचारू नये.