निरोप्या किती वेगाने धावतो?

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण नातेवाईकांनी लगेच पळ काढू नये. शेवटी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या पैशांवर येणार आहे.

एका संगणकाने दूरच्या दुसऱ्या संगणकाला काम सांगायचं आणि उत्तराची वाट बघायची, याला रिमोट प्रोसीजर कॉल, थोडक्यात आरपीसी म्हणतात. हे नीट कसं करावं यावर बिरेल आणि नेल्सन या झेरॉक्सच्या संशोधकांनी १९८४ साली एक निबंध लिहिला. पुढे सन आरपीसी, कॉर्बा, १९९८ चं एक्सएमएल-आरपीसी, २००७ मध्ये फेसबुकने खुलं केलेलं थ्रिफ्ट, २०१५ चं गूगलचं जीआरपीसी... रांगच लागली. आणि प्रत्येक नव्या गड्याबरोबर तक्ते येतात, की आमचा निरोप्या तुमच्यापेक्षा इतके पट वेगवान!

माझं मत विचाराल तर हे तक्ते खोटे नसतात, पण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. बहुतेक मोजमापं एकाच यंत्रावर, नाहीतर शेजारच्या दोन यंत्रांत केलेली असतात. तिथे एक्सएमएलचा लांबलचक मजकूर मागे पडतो आणि जीआरपीसीची घट्ट बांधलेली पुडी पुढे जाते, हे खरंच आहे. पण आता आमच्या सोनगीरहून मुंबईच्या सर्व्हरला हाक मारा. अंतर साडेतीनशे किलोमीटर धरू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच साडेतीन मिलिसेकंद. वर मोबाईल टॉवरचा वेळ वेगळा. तिथे पुडी बांधण्यात मिलिसेकंदाचा दहावा भाग वाचवणं म्हणजे मुंबईला जाताना घरापासून हायवेपर्यंत पळत जाण्यासारखं आहे. त्यापेक्षा दहा फेऱ्यांचं काम एका फेरीत केलं तर खरा फरक पडेल. (एका मागणीमागे शेकडो अंतर्गत कॉल होतात अशा मोठ्या डेटा सेंटरात मात्र हे कण साचतात. तिथे तक्ता जरूर बघावा.)

आता आपल्याकडचं उदाहरण. २०१६ साली सुरू झालेलं युपीआय. त्यातले निरोप एक्सएमएलमध्येच जातात, वर डिजिटल सही असते. वेगाच्या शर्यतीत मागे पडणारा हाच गडी! पण रचना बघा: निरोप मिळाला की आधी फक्त 'पोचला' एवढं कळवायचं, खरं उत्तर नंतर वेगळ्या निरोपाने पाठवायचं. वाट बघत कोणी अडकून पडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये या व्यवस्थेने एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार केले.

ती अडखळलीही आहे. १२ एप्रिल २०२५ ला देशभर युपीआय कोलमडलं. एनपीसीआयने कारण दिलं ते असं, की काही बँका जुन्या व्यवहारांचं 'काय झालं, काय झालं' असं पुन्हापुन्हा विचारत होत्या आणि त्या प्रश्नांचाच पूर आला. म्हणजे निरोप्या हळू होता म्हणून नाही, तर हाका मारणाऱ्यांना धीर नव्हता म्हणून.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या दुकानात गिऱ्हाईक कळशी घेतं, कोड स्कॅन करतं, आणि पेटी बोलतच नाही. "पैसा ग्यात, पन उनात नही." मग काय करायचं? थांबायचं की पुन्हा स्कॅन करायचं? प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे तोच निरोप दोनदा गेला तर ओळखू येतो. पण माणसाने पुन्हा स्कॅन केलं की तो नवा व्यवहार होतो. क्रमांक नवा, पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. बिरेल-नेल्सननी ही गाठ तेव्हाच ओळखली होती: उत्तर आलं तर काम नक्की एकदाच झालं, नाही आलं तर एकदा झालं असेल किंवा मुळीच नाही, आणि तसं हाक मारणाऱ्याला कळवलं पाहिजे. १६ जून २०२५ पासून पैसे पाठवण्याच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली गेली. काउंटरपाशी अवघडून उभ्या राहिलेल्या दोन माणसांसाठी ही पंधरा सेकंद कुठल्याही तक्त्यातल्या पटींपेक्षा मोठी आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तुलनेच्या तक्त्यात सरासरी वेगाशेजारी आणखी दोन रकाने हवेत: शंभरातल्या सर्वांत रखडलेल्या हाकेला किती वेळ लागला, आणि उत्तरच आलं नाही तर पुढे काय होतं. ते रकाने कोरे असतील तर बाकीचे आकडे कितीही देखणे असोत, मी तरी त्यावर गावचा पैसा लावणार नाही.

तुम्ही यातलं काम करत असाल तर तुमचा अनुभव जरूर लिहा. आणि काका, पेटी बोलली नाही तर पुन्हा स्कॅन करण्याआधी मोबाईलवरचा इतिहास बघा!