बाळ, मॅरेथॉन आणि धंदा : तुमचे दहा तास कुणाच्या खात्यातून जातात?



आपल्या बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "सर, धंदा नवीन आहे, घरात सहा-सात महिन्यांचं बाळ आहे आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायचीय. जमेल का?" प्रेरणादायी भाषणं देणारे लगेच सांगतील, पहाटे चारला उठा, कारणं देऊ नका. माझं मत वेगळं आहे. पळणं अजिबात सोडू नका, पण बाळाच्या पहिल्या वर्षात फुल मॅरेथॉनच्या वाटेला जाऊ नका. का, ते हिशेबानेच सांगतो.

आधी तास मोजू. फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. कामधंदा सांभाळून पळणाऱ्याची तयारी साधारण १६ ते १८ आठवड्यांची. आठवड्यात चार दिवस तासभर आणि रविवारी तीन तास, झाले सात. त्यात जाणं-येणं, स्ट्रेचिंग आणि लाँग रननंतर दुपारी लागणारी झोप धरा. दहा तास सहज जातात.

आता हे दहा तास आले कुठून? रोजकीर्द लिहिणाऱ्याला माहीत असतं, एकीकडे जमा झाली की दुसरीकडे नावे पडतेच. बहुतेक घरांत हे तास बायकोच्या नावे पडतात. रात्रीतून तीनदा तीच उठलेली असते. सकाळी बाळाची मालिश, आंघोळ, दूध तिच्याकडे. वर दुपारी तुमच्या ऑर्डरचे फोनही तीच घेते. या तासांचं बिल कुणी फाडत नाही, म्हणून ते फुकट वाटतात. पण न लिहिलेली उधारी बुडत नाही. ती एक दिवस एकदम वसुलीला येते, भांडणाच्या नाहीतर आजारपणाच्या रूपाने.

दुसरा मुद्दा कॅलेंडरचा. जानेवारीच्या शर्यतीची तयारी सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होते. म्हणजे नवरात्र, दसरा, दिवाळी. फराळ, कपडे, आकाशकंदील, गिफ्ट बॉक्स असा कुठलाही छोटा धंदा असो, वर्षाचा गल्ला याच दिवसांत भरतो. नेमके तेव्हाच तुमचे किलोमीटर वाढत असणार. बाळाच्या लसी ठरलेल्या असतात, ६, १०, १४ आठवडे, मग नवव्या महिन्यात. लस टोचल्यावर बऱ्याच बाळांना ताप येतो, ती रात्र जागरणातच जाते. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, तर कशाला तरी कात्री लागणार. आणि कात्री बहुतेक वेळा घरालाच लागते, कारण गिऱ्हाईक थांबत नाही आणि शर्यतीची फी आधीच भरलेली असते.

तिसरा मुद्दा झोपेचा. झोप हे तुमचं खेळतं भांडवल आहे. रात्री चार तास झोपून पहाटे वीस किलोमीटर पळायचं आणि अकरा वाजता सप्लायरशी भावाची घासाघीस करायची, हे कर्ज काढून कर्ज फेडण्यासारखं आहे. शरीर दुखापतीतून व्याज वसूल करतं.

यावर लोक जास्मिन पॅरिसचं उदाहरण देतात. जानेवारी २०१९ मध्ये या ब्रिटिश बाईने २६८ मैलांची स्पाइन रेस ८३ तासांत जिंकली, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. तिची मुलगी तेव्हा १४ महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढत होती. तिला सलाम. पण "तिने केलं, मग तू का नाही?" हा त्याचा अर्थ नव्हे. ती ८३ तास बाहेर होती, तेव्हा लेकीला कुणीतरी सांभाळत होतं. यशाच्या गोष्टीत हे खातं कुणी वाचून दाखवत नाही.

"सर, पळणं हीच माझी एकट्याची वेळ आहे, ती गेली तर डोकं चालणार नाही." हेही खरं आहे. म्हणूनच बंद करा म्हणत नाही, साइज कमी करा म्हणतोय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान ७५ मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. म्हणजे २५ मिनिटांचे तीन रन. एवढ्यावर तब्येत आणि सवय दोन्ही टिकतात. आमच्या भाषेत याला दुकान उघडं ठेवणं म्हणतात. विस्तार पुढच्या वर्षी.

मी चार नियम सांगतो.

१. जितके तास तुमचे, तितकेच जोडीदाराचे. तुम्ही रविवारी दोन तास पळालात, तर तिलाही दोन तास पूर्ण मोकळे, आणि तेव्हा बाळ तुमच्याकडे. आजीकडे सोपवलं तर तो हिशेब धरायचा नाही.

२. शर्यत निवडायचीच असेल तर दहा किलोमीटर, फार तर हाफ. तीही तुमचा सीझन टाळून.

३. रात्र जागरणात गेली की सकाळचा रन रद्द. एक रन चुकल्याने तयारी बुडत नाही.

४. आई स्वतः धावपटू असेल, तर बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे पळायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच. मग मात्र नियम क्रमांक एक नवऱ्याला तितकाच लागू.

हे सगळं धंद्यालाही लागू आहे, म्हणून तर इथे लिहितोय. नोकरीला पगारी रजा असते, स्वतःचा धंदा करणाऱ्याला ती कुणी देत नाही. त्यामुळे घरच्यांचे तास हेच आपल्या बहुतेकांचं पहिलं, बिनव्याजी भांडवल असतं. ते घेणं चूक नाही. न विचारता घेणं आणि वहीत न लिहिणं चूक आहे.

या आठवड्याचा होमवर्क. एका कागदावर दोन रकाने आखा, एक तुमचा, एक जोडीदाराचा. सात दिवस प्रत्येकाने स्वतःसाठी किती तास वापरले ते लिहा, दुकानातले वेगळे. रविवारी दोघांनी मिळून बेरीज करा. फरक किती निघतो ते बघा आणि मगच मॅरेथॉनचा फॉर्म भरायचा का ते ठरवा.