घरी सांगितलेला पत्ता

मुंबईचा अभियंता हमीद अन्सारी नोव्हेंबर २०१२ मध्ये काबूलला निघाला, तेव्हा त्याने घरी नोकरीच्या कामाचे कारण सांगितले होते. प्रत्यक्षात फेसबुकवर ओळख झालेल्या एका तरुणीला भेटण्यासाठी तो अफगाणिस्तानमार्गे, बनावट ओळखपत्र घेऊन, पाकिस्तानातील कोहाटला पोहोचला. तेथे त्याला ताब्यात घेण्यात आले. तो पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात असल्याचे पेशावरच्या उच्च न्यायालयात मान्य होईपर्यंत २०१६ साल उजाडले. १८ डिसेंबर २०१८ रोजी तो वाघा सीमेवरून परतला. त्याच्या शोधाचा पाठपुरावा करणारी लाहोरची पत्रकार झीनत शहजादी स्वतःच दोन वर्षे बेपत्ता होती.

सीमा चोरून ओलांडणे हा गुन्हाच. त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. परंतु मुलगा हरवल्यावर शोध कोठून सुरू करावा, हेच त्या आईवडिलांना ठाऊक नव्हते. घरी सांगितलेला पत्ता खरा नव्हता.

अहिल्यानगरच्या कापड बाजारातील वा अडते बाजारातील पेढ्यांची तरुण पिढी आता खरेदीसाठी ग्वांगझू, बँकॉक, दुबईपर्यंत जाते. मुली शिक्षणासाठी त्याहून दूर. ओळखी पूर्वी मामा-मावशींच्या मार्फत होत, आता मोबाईलवर होतात. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या घरात नव्या पार्टीला पन्नास हजारांची उधारी देण्यापूर्वी बाजारात चार ठिकाणी चौकशी होते, त्याच घरातील तरुण ज्या व्यक्तीचे खरे नावही माहीत नाही तिच्या खोलीवर परक्या शहरात रात्री एकटा जातो, ही विसंगती लहान नव्हे.

कोलंबियातील मेडेयिन शहरात २०२३ च्या शेवटच्या दोन महिन्यांत आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले. त्यांतील अनेक प्रकरणांत डेटिंग अ‍ॅपवरील ओळखीचा संबंध असल्याचे सांगून तेथील अमेरिकी दूतावासाने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागरिकांना सावध केले. पेयात गुंगीचे औषध मिसळून लुटणे ही तेथील जुनी रीत. इस्तंबूल वा शांघायमध्ये प्रकार सौम्य दिसतो: गोड बोलून पाहुण्याला ठरलेल्या मद्यगृहात किंवा चहागृहात नेले जाते आणि शेवटी अवाच्या सवा बिल पुढे येते. दाराशी दोन धिप्पाड माणसे उभी असतात.

म्हणून पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या आणि स्वतः निवडलेल्या ठिकाणी व्हावी. चौविहार पाळणाऱ्या घरातील मुलामुलींना दिवसाउजेडी भेटण्यासाठी निराळी सबब शोधावी लागत नाही! त्याआधी एकदा व्हिडिओवर बोलणे व्हावे. समोरची व्यक्ती प्रत्येक वेळी कॅमेरा बिघडल्याचे सांगत असेल, तर उत्तर तेथेच मिळाले. जाणेयेणे स्वतःच्या वाहनाने करावे, हॉटेलचे नाव सांगू नये आणि आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये.

पैशाची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी आपोआप सुरू नसते. ग्राहकाला ते स्वतः सुरू करावे लागते आणि मर्यादाही ठरवता येते. परदेशी जाताना बहुतेक जण व्यवहार सुरू करतात, मर्यादा मात्र तशीच ठेवतात. भेटीला जाताना दुकानाच्या चालू खात्याचे कार्ड खिशात असण्याचे काहीच कारण नाही. थोडी रक्कम भरलेले प्रवासी कार्ड पुरेसे असते; पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहावा.

कोणाला भेटतो आहोत, कोठे आणि कधी परतणार, हे घरातील एकाला तरी माहीत असले पाहिजे. वडिलांना सांगवत नसेल तर वहिनीला, धाकट्या भावाला. येथे ज्येष्ठांचीही जबाबदारी येते. ज्या घरात अशा ओळखीचे नाव निघताच आठवडाभर अबोला धरला जातो, त्या घरातील मुलगा पुढच्या वेळी ‘प्रदर्शनाला चाललो’ एवढेच सांगून निघतो.

ज्याला सांगितले, त्याच्याजवळ पासपोर्टची प्रत, भेटीच्या ठिकाणाचा पत्ता आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक असावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. तेथे शहराचे नाव मात्र खरे लिहिता आले पाहिजे.