पर्णकुटी आणि परसदार

लेखकाचे घर जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, याचा आपल्याकडे फारसा विचार झालेला नाही. कौले नीट करावीत, छायाचित्रे लावावीत, जयंतीला हार घालावा. एवढ्यावर आपली भक्ती तृप्त होते. दापोली तालुक्यात पालगडला साने गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले आहे. गुरुजींचा जन्म तेथला, २४ डिसेंबर १८९९ चा. तेथे विद्यार्थ्यांना नेणे आम्हा मराठीच्या अध्यापकांना तीर्थयात्रेसारखेच वाटते. पण 'श्यामची आई'चा निम्मा संसार घराच्या भिंतींबाहेर चालतो, हे तेथे उभे राहिल्यावरच जाणवते.

प्रकरणांची नावेच पाहावीत. 'सावित्री-व्रत' वडाभोवती फिरते. 'मुकी फुले'मध्ये उमलण्याआधी खुडलेल्या कळ्यांचा प्रश्न आहे. 'पत्रावळ'मध्ये श्यामला पाने टाचायला शिकावे लागते. 'पर्णकुटी'त तर राहते घरच माती नि गवताचे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, गुरुजींनी यातला बहुतेक मजकूर लिहून काढला. दगडी भिंतींआड बसलेल्या माणसाला आईबरोबर झाडेही आठवत होती, हा योगायोग आम्ही मानीत नाही. त्या आईची सारी शिकवण झाडापानांच्या व्यवहारातून येते. समीक्षेने मात्र अश्रूच मोजले.

इंग्लंडमध्ये ग्रासमियरचे डव्ह कॉटेज १८९१ पासून लोकांसाठी खुले आहे. वर्डस्वर्थ १७९९ ते १८०८ तेथे राहिला. त्याने आणि बहीण डोरोथीने भोवतालच्या डोंगरातली नेचे, शेवाळे, रानफुले आणून मागच्या उतारावर लावली. डोरोथीच्या रोजनिशीत त्याच्या नोंदी आहेत. तेथे घराइतकीच बागही जपली जाते, कारण कवितेचा तो पुरावा आहे. (आपल्याकडे स्मारकाची बाग म्हटली की हिरवळ आणि क्रोटन!)

आमचे काही विद्यार्थी गोखिवऱ्याकडचे, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरचे. वर्गात 'पर्णकुटी' हा शब्द आम्ही समास सोडवून शिकवतो. त्यांच्या आजीआजोबांच्या घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीने लिंपलेला. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे आम्ही वाचलेले. त्यांच्या घरी ती केव्हा तोडावी, हे ठाऊक असलेली माणसे अजून आहेत. गुरुजींचा मजकूर त्यांना आमच्याहून जवळचा आहे, पण परीक्षेत त्या ज्ञानाला एकही गुण नाही. बहुधा म्हणूनच ही मुले वर्गात गप्प बसतात. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. झाडे त्यामुळे राहतीलही. त्यांच्याशी असलेला हाताचा परिचय तसा राखता येत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. मातीगवताचे घर एकदा जपून ठेवता येत नाही; ते दरवर्षी नव्याने करावे लागते. त्यासाठी गवत लागते, पाने लागतात आणि शाकारणी येणारी माणसे लागतात. पालगडच्या घराशेजारी अशी एक कुटी उभी राहावी आणि तिच्याभोवती वड, पळस, कुडा, बकुळ, प्राजक्त असावेत. पत्रावळीसाठी पाने तोडायची मोकळीक हवी, नुसत्या पाट्या नकोत. शिकवायला पाड्यांवरची माणसे बोलवावीत आणि त्यांना प्राध्यापकाइतके मानधन द्यावे. शाकारणीचे काम मे महिन्यात असते; आमच्या परीक्षा तोवर संपलेल्या असतात.