आपल्या ताटातला आंबाही तपासा

आज अक्षय तृतीया. श्रीवर्धनच्या घराघरांत आज पितरांच्या नावाने पाण्याचा घट भरला जाईल, शेजारी आंबा ठेवला जाईल. तो ठेवल्याशिवाय आंबा तोंडाला न लावणारी माणसं या गावात अजून आहेत. पेंढ्याच्या आढीतून फळ काढायचं, देठाकडे नाक नेऊन वास घ्यायचा, अंगठ्याने हलकेच दाबून पाहायचं, एवढीच आपली पिढीजात तपासणी. पिकलाय का, एवढं तिच्यात कळतं. मोहरापासून तोडणीपर्यंत झाडावर जे फवारलं गेलं, त्यातलं फळात काय उरलंय, ते नाकालाही कळत नाही आणि अंगठ्यालाही नाही. धुऊन वरवरचा अंश जातो. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं पेशींत शिरलेली असतात, ती नळाखाली जात नाहीत.

यात बागायतदाराला गुन्हेगार ठरवायचं नाही. मोहर फुटला की आभाळ भरून येतं, मग तुडतुडे, मग फुलकिडे, मग भुरी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे, त्यात औषध आणि प्रमाण दोन्ही दिलेलं आहे. पण फुलकिडे हटत नाहीत आणि वर्षाचं उत्पन्न डोळ्यांदेखत गळून पडायला लागतं, तेव्हा माणूस कागद बघत बसत नाही. दुकानदार सांगेल ते घेतो, कधी दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळतो. अवकाळीची सर आली की फवारलेलं धुऊन गेलं म्हणून पुन्हा पंप चालू करतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. वाशीच्या बाजारात भाव चढा असेल तर ते दिवस कमी होतात, हे बागेत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत या फळाचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आंबा सोलून नव्हे, सालीसकट वाटतात. कोय बाजूला काढली तरी अंश मोजताना तिचं वजन हिशेबात धरतात. त्या गरात द्रावक आणि क्षार घालून तो जोराने हलवतात, यंत्रात गरगर फिरवतात आणि वर आलेला स्वच्छ थर रेणू वजनाने ओळखणाऱ्या उपकरणात सोडतात. एखाद्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादाच ठरलेली नसेल, तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. म्हणजे शंभर टन आंब्यात एक ग्रॅम. मर्यादा ओलांडली की फळ लगेच विष झालं, असा याचा अर्थ नाही, आणि कोणी तशी घबराट पसरवूही नये. औषध चुकीचं, जास्त किंवा उशिरा मारलं गेलं, एवढं तो आकडा नक्की सांगतो.

या तपासणीचा धडा महाराष्ट्र द्राक्षांवरून शिकला. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अंश सापडले आणि निर्यातदारांची झोप उडाली. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे निर्यातीच्या द्राक्षांसाठी ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था आली. बागेची नोंदणी होऊ लागली आणि काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत जाऊन नमुना घेऊ लागला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडने घात केला. वेलीची वाढ रोखणारं हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं, म्हणून इथे पास झालेली द्राक्षं युरोपात अडली. यंत्राला जे शोधायला सांगितलं नाही ते यंत्र शोधत नाही. म्हणून बागेत खरोखर काय मारलं जातं, ते लिहिलेली शेतकऱ्याची फवारणीची वही प्रयोगशाळेइतकीच मोलाची आहे.

आंब्यासाठी मँगोनेट आहे, पण तेही निर्यातीपुरतं. (२०१४ ची युरोपची आंबाबंदी फळमाशीमुळे होती, औषधामुळे नव्हे, दोन्ही गोष्टी आजही एकमेकींत मिसळल्या जातात.) निर्यातीच्या तपासणीत नापास झालेल्या बागेला परदेशाचं दार बंद होतं; देशातल्या बाजाराचं दार तो कागद बंद करत नाही. आमचं दुखणं इथे आहे. लंडनच्या गिऱ्हाइकाच्या फळामागे बागेच्या क्रमांकासह तपासणीचा कागद, आणि श्रीवर्धनच्या बाजारातल्या, दिवेआगर-हरिहरेश्वरच्या रस्त्यावर पर्यटकाच्या गाडीत चढणाऱ्या पेटीमागे काहीच नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रायगडही आहे. नावाला प्रमाणपत्र मिळालं. फळाला अजून मिळायचं आहे. आपल्या नातवंडांचं पोट परदेशी पोटाहून कमी मोलाचं आहे, असं कोणी म्हणणार नाही. व्यवहार मात्र तसाच चालू आहे.

एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये लागतात. वीस-पंचवीस कलमांच्या मालकाने ते खिशातून भरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण एका वाडीतल्या दहा जणांनी एकच वेळापत्रक पाळलं, तर काही बागांचे नमुने सगळ्यांचा अंदाज देतील. कृषी खात्याची कीडनाशक अंश तपासणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे, म्हणजे माणगावहून ताम्हिणी घाट चढून जायचं. नवी प्रयोगशाळा बांधायची वाट कशाला पाहायची? श्रीवर्धनला विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथे नमुने गोळा करून, मोहरबंद करून, बर्फात ठेवून पुण्याला पाठवता येतील. निकाल तोडणीआधी बागायतदाराच्या हातात पडला, तर आठ दिवस थांबायचं की नाही हे तो ठरवू शकेल. पहिली दोन वर्षं या निकालावर दंड नको, सल्ला हवा. नाहीतर कोणी नमुनाच देणार नाही.

वेळही योग्य आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर हिमतीने लावलेली कलमं आता धरण्याच्या वयाला आली आहेत. या बागांना पहिल्या फळापासून वहीची आणि तपासणीची सवय लागू शकते.

कृषी खात्याने आणि विद्यापीठाने येत्या मोहरापूर्वी श्रीवर्धनला नमुना संकलन केंद्र सुरू करावं, आणि तालुक्याच्या तपासणीचे निकाल बागायतदारांची नावं न लावता पंचायत समितीच्या फलकावर लावावेत, ही आमची मागणी आहे. आणि वाचकांनी आज पेटी घेताना विक्रेत्याला एकच विचारावं: शेवटची फवारणी कधी केली होती?